निळा धूर, पण ऑइल कमी होत नाही: करवीर तालुक्यातील एका जुन्या ट्रॅक्टरचे निदान

या प्रकरणातील ट्रॅक्टर भोगावती नदीकाठच्या एका गावातील असून त्याची बांधणी 1990 च्या दशकातील आहे. तीन सिलिंडरचे, टर्बो नसलेले, सुमारे 2.4 लिटरचे थेट इंजेक्शनचे इंजिन, इनलाइन पंप आणि ऑइल बाथ पद्धतीचा एअर क्लीनर अशी त्याची साधी रचना आहे. उन्हाळ्यात नांगरट आणि रोटर, गळीत हंगामात फडापासून कारखान्यापर्यंत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणे, हे त्याचे वर्षभराचे काम. हंगाम ऐन भरात असताना धूर इतका वाढला की भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे येणाऱ्यांना रस्ता दिसेना, आणि डिझेलचा खर्चही उघड वाढला. मालकांनी दोन ठिकाणी दाखवले असता दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले: निळा धूर आहे, रिंगा गेल्या आहेत, हाफ इंजिन करावे लागेल. हाफ इंजिन म्हणजे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून पिस्टन, त्यावरच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) बदलणे. खर्च पाच आकडी, आणि तेवढे दिवस तोडणीची टोळी फडात बसून राहणार. त्यामुळे हेड उतरवण्याआधी खात्री करून घ्यावी, एवढ्या मर्यादित हेतूने ट्रॅक्टर तपासणीसाठी आला.

तक्रारीची फोड

“ट्रॅक्टर धूर मारतोय” या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. धूर कोणत्या रंगाचा, इंजिन थंड असताना की तापल्यावर, रिकाम्या रेसवर की ओढ पडल्यावर, आणि तो एकदम वाढला की हळूहळू, हे विचारल्याशिवाय पान्याला हात लावण्यात अर्थ नसतो. मालकांपेक्षा चालकाने दिलेले उत्तर अधिक उपयोगी ठरले, कारण दिवसभर सीटवर तोच असतो. “सकाळी स्टार्ट केला की पांढरा, डोळं चुरचुरत्यात. रेस दिली की निळसर. आन् भरल्या ट्रॉल्या चढाला लागल्या की काळाकुट्ट.” एकाच इंजिनातून तीन वेगवेगळ्या वेळी तीन रंगांचा धूर येत होता, आणि आधीच्या दोन्ही निदानांत त्यांतील फक्त एका रंगाचा विचार झाला होता.

काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेल्या डिझेलची काजळी. सिलिंडरमध्ये गेलेल्या डिझेलच्या मानाने हवा कमी पडली, किंवा हवेच्या मानाने डिझेल जास्त गेले, की तो होतो. निळा धूर ऑइल जळल्याचा. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. पाण्याची वाफ असेल तर ती सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जाते. न पेटलेल्या डिझेलचे बारीक थेंब असतील तर तो धूर रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो. येथे डोळे चुरचुरत होते, आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत नव्हते, त्यामुळे हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याची शंका सुरुवातीलाच मागे पडली. निळा आणि पांढरा यांतला फरक मात्र उघड्या आकाशाकडे पाहून कळत नाही. ट्रॅक्टर गोठ्याच्या अंधाऱ्या दारासमोर उभा करून रेस दिली, तेव्हा निळसर छटा निर्विवाद दिसली. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर काजळीबरोबर तेलकट ठिपकेही उमटले.

मालकांनी याच वेळी एक गोष्ट सांगितली: “ऑइल काय टिपूसभर बी कमी हुईत न्हाई बघा.” डिपस्टिकवर ऑइल खरोखरच वरच्या खुणेजवळ होते, आणि मागील ऑइल बदलानंतर वरून काही घातलेले नव्हते. रिंगांवाटे ऑइल जळत असेल तर ते चेंबरमधूनच (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागातून) जाणार आणि पातळी उतरणार. निळा धूर आणि न उतरणारी पातळी या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, आणि पुढची सगळी तपासणी या विसंगतीभोवती फिरली.

हवेची बाजू

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. जुन्या डिझेल इंजिनाला धूर न करता चालायचे असेल तर 1 किलो डिझेलमागे साधारण 20 किलो हवा लागते. एक लिटर डिझेल जेमतेम 830 ग्रॅम भरते, म्हणजे त्यासाठी सुमारे 15 घनमीटर हवा इंजिनात गेली पाहिजे. हवेची वाट थोडी जरी अडली तरी गव्हर्नर (ओढीप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा पंपाचा भाग) ओढ भागवण्यासाठी डिझेल पूर्वीइतकेच सोडत राहतो, आणि फरक काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. कोल्हापूर उंचावर असल्याने इथले ट्रॅक्टर जास्त धूर करतात असे काही जण सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर हवा पाच-सहा टक्क्यांनीच विरळ असते, आणि तेवढ्याने रस्ता दिसेनासा होत नाही.

एअर क्लीनरची खालची वाटी सोडवली. ऑइल बाथ क्लीनरमध्ये हवा नळीतून खाली येते, ऑइलच्या पृष्ठभागाशी एकदम वळते, वळताना जड धूळ ऑइलमध्ये फेकली जाते आणि उरलेली हवा वरच्या ओल्या तारेच्या जाळीतून गाळून पुढे जाते. या वाटीच्या तळाशी बोटाचे पेर बुडेल एवढा काळा, चिकट गाळ बसला होता, आणि त्यावरचे ऑइल पातळीच्या खुणेच्या बरेच वर होते. खूण गाळ पुसल्यावरच दिसली. चालकाने सांगितले की वाटी कमी वाटली की तो इंजिनातून काढलेले काळे ऑइलच वरून ओततो, आणि जास्त ऑइल असले म्हणजे धूळ जास्त धरते असा त्याचा समज होता. नवे ऑइल वाटीत कशाला घालवायचे, हा विचार गावोगाव आढळतो, आणि काटकसरीचा म्हणून तो समजण्यासारखाही आहे. पण खुणेच्या वर भरलेले, त्यातून पातळ झालेले ऑइल हवेच्या झोताबरोबर उचलले जाते आणि थेट इंजिनात शिरते. क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी रबरी नळी सोडवून आत बोट फिरवले तर बोट तेलाने माखून निघाले. ही नळी आतून कोरडी असायला हवी.

रेस वाढवली की हवेचा वेग वाढतो, ऑइल जास्त उचलले जाते, आणि निळा धूर दिसतो. सावकाश चालताना तो जवळजवळ नसतो. चालकाचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळत होते. शिवाय वरची जाळी गाळाने इतकी भरली होती की उजेडासमोर धरल्यावर फक्त कडेने प्रकाश दिसत होता, म्हणजे काळ्या धुराचाही काही भाग इथूनच येत होता.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. वाटी फारच भरलेली असेल तर इंजिन स्वतःच्या पंपाऐवजी या ऑइलवरच पळू लागते, आणि मग स्टॉपची तार ओढूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने किंवा जाड पोत्याने बंद करावे. हात कधीही लावू नये.

जाळी रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवली, वाटी घासून नवे 20डब्ल्यू-40 ऑइल खुणेपर्यंतच भरले, नळीचे क्लॅम्प बदलले. यानंतर लगेच स्टार्ट करून धूर पाहणे निरर्थक असते, कारण मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर आतून ओले असतात आणि ते तेल जळून जाईपर्यंत निळसर धूर येतच राहतो. म्हणून ट्रॅक्टर अर्धा दिवस ओढीवर चालवला. त्यानंतर गोठ्याच्या दारासमोर पुन्हा रेस दिली असता निळी छटा जवळपास गेलेली होती.

चाचणीची ओढ कायम ठेवण्यासाठी फडापासून डांबरी रस्त्यावर येणारा चढ निवडला. तोच चढ, तोच गिअर आणि जवळपास तेवढाच भरणा, एवढे पथ्य पंपाचे काम येईपर्यंत प्रत्येक दुरुस्तीनंतर पाळले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. चढावर काळा धूर कमी झाला होता, पण होता. सकाळचा पांढरा मात्र जसाच्या तसा.

नोझल

टाकीतील डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहिले; पाणी नव्हते. डिझेल फिल्टर बदलले आणि डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घेतली, त्याने धुरात काही फरक पडला नाही.

थंड इंजिन आयडलवर (सर्वांत कमी फेऱ्यांवर) ठेवून प्रत्येक सिलिंडरच्या हायप्रेशर पाइपचा नट नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडच्या) टोकाला एकेक करून किंचित सैल केला. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडले तो नीट जळत असेल तर इंजिन अडखळते. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला ते स्पष्ट अडखळले. तिसऱ्याचा नट सैल केल्यावर आवाजात फारसा फरक पडला नाही, पण सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर काही क्षणांत विरला. म्हणजे त्या सिलिंडरमध्ये जाणारे डिझेल जळतच नव्हते. (ही चाचणी आयडलवरच करावी, नटावर फडके टाकावे आणि फवाऱ्याच्या वाटेत हात आणू नये. या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते, आणि जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी रुग्णालयातच जावे लागते.) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढल्यावर याला दुजोरा मिळाला: पहिले दोन पोर्ट कोरड्या करड्या काजळीचे, तिसरा काळा आणि ओला, डिझेलचा वास येणारा.

तिन्ही इंजेक्टर (ज्यांच्या टोकाला नोझल असते ते भाग) काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका पंप-नोझलच्या कारखान्यात टेस्टरवर लावले. या पिढीतील थेट इंजेक्शनच्या इंजिनांत नोझल उघडण्याचा दाब मॉडेलनुसार साधारण 180 ते 250 बारच्या दरम्यान असतो. पहिले दोन इंजेक्टर पुस्तकातील आकड्याच्या 20 ते 25 बार खाली उघडत होते, जे वर्षानुवर्षे दबून स्प्रिंग सैल झाल्यावर अपेक्षितच असते. तिसऱ्याची गोष्ट वेगळी होती. उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार कमी दाब धरून ठेवला तर चांगल्या नोझलचे टोक निदान 10 सेकंद तरी थेंब सोडत नाही. या नोझलच्या टोकाशी हँडल दाबताच थेंब जमला, फुगला आणि पडला. फवारा सुटला तेव्हा दोन छिद्रांतून धुके आणि उरलेल्यांतून नुसती धार आली. असे नोझल तसेच चालवले तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडण्यापर्यंत प्रकरण जाते, त्यामुळे ते बदलण्याबाबत चर्चेची गरज नव्हती. पहिल्या दोघांचा दाब जुळवून घेतला, तिन्ही जागी तांब्याचे नवे वॉशर घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा धूर स्टार्ट होताना क्षणभर आला आणि गेला. इंजिनाचा ठोकाही एकसारखा झाला.

डिपस्टिक काय सांगत होती

येथपर्यंत पाहता, ऑइल वाटीतून येत होते, इंजिनातून नव्हे, म्हणून डिपस्टिक उतरत नव्हती आणि म्हणून रिंगा निर्दोष, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मालकांनी तो काढलाही. पण गळक्या नोझलमुळे तो कच्चा ठरतो. तिसऱ्या सिलिंडरमध्ये न पेटलेले डिझेल लायनरवरून खाली झिरपते, तेथील ऑइलचा थर धुऊन काढते आणि चेंबरमध्ये मिसळते. रिंगांवाटे ऑइल जळत असेल आणि त्याच वेळी तेवढेच डिझेल खाली उतरत असेल, तर पातळी हलणार नाही. स्थिर डिपस्टिकचे त्यामुळे दोन अर्थ संभवत होते, आणि दोन्ही एकाच वेळी थोडेथोडे खरे असणेही शक्य होते.

ते पडताळण्यासाठी काचेची पट्टी तिरपी धरून तिच्या वरच्या कडेवर शेजारी शेजारी दोन थेंब सोडले: एक नव्या 20डब्ल्यू-40 चा, दुसरा चेंबरमधील ऑइलचा, दोन्ही एकाच तापमानाचे. चेंबरमधला थेंब पट्टीच्या टोकाला पोहोचला तेव्हा नवा अर्ध्यावरही आला नव्हता. वासही डिझेलचाच होता. वापरलेले ऑइल काजळीने दाट होण्याकडे झुकते. ते नव्यापेक्षा पातळ झाले असेल तर त्यात डिझेल आहे असे समजावे. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपातून गळून डिझेल आत जात नाही ना हेही पाहिले. तो कोरडा होता. आधीच्या निदानांतली खरी उणीव मला इथे दिसते: रंगावरून रिंगांकडे बोट दाखवले गेले, पण चेंबरमधल्या ऑइलचा वास कोणी घेतला नाही. एवढ्या पातळ ऑइलवर ट्रॅक्टर तोडणीचा हंगाम ओढत होता, आणि बेअरिंगच्या दृष्टीने ती धुरापेक्षा गंभीर बाब होती. ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलले.

आता रिंगांची चौकशी न्याय्य पद्धतीने करता येत होती. इंजिन तापवून ऑइल भरण्याचे झाकण उघडले. वाफ येत होती, पण ठोक्याठोक्याला भपकारे नव्हते. मेस्त्री ज्याला “बॅक मारणे” म्हणतात, म्हणजे रिंगांवाटे वायू खाली चेंबरमध्ये निसटणे, तसा प्रकार दिसला नाही. नंतर तिन्ही इंजेक्टर काढून त्यांच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावून, स्टॉपची तार ओढलेली ठेवून आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती होतो ते, मोजले. बॅटरी दमलेली असेल तर हे आकडे खोटे येतात. पहिल्या सिलिंडरला 27 बार, दुसऱ्याला 26, तिसऱ्याला 21. पेट्रोल इंजिनाप्रमाणे सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजण्याची रीत डिझेलला सरसकट लावू नये. इथे दाबाखालची जागा इतकी छोटी असते की ऑइलने ती जागाच भरली जाते आणि आकडा फुगतो, मग रिंग चांगली असो वा वाईट.

त्याऐवजी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट, तपासले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. पुस्तकाप्रमाणे फट ठेवून पुन्हा मोजल्यावर तिसऱ्याचा आकडा 24 वर आला. उरलेली तफावत रिंगांची, लायनरची की व्हॉल्व्हच्या सीटची, हे हेड न उतरवता ठामपणे सांगता येत नाही. पण 24 बारवर इंजिन थंडीतही सुरू होत होते, आणि हंगाम थांबवून हाफ इंजिन करण्याइतके कारण त्यात नव्हते.

पंपाचे सील

चढावरचा काळा धूर अजून पूर्ण गेला नव्हता. टायमिंग, म्हणजे पंप डिझेल सोडतो ती वेळ, थेंब-पद्धतीने फ्लायव्हीलच्या खुणेशी ताडून पाहिले, ते बरोबर होते. पंपाच्या जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूवर शिशाचे सील आणि तार असते. इथे तार तुटलेली होती आणि लॉकनटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. “पंप वाढवून” घेतला होता. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांची ओढ भागवण्यासाठी हे सर्रास केले जाते, आणि त्याने सुरुवातीला ओढ वाढल्यासारखी वाटते हेही खरे आहे. मात्र इंजिनात जाणारी हवा ठरलेली असते. तिच्या पलीकडे दिलेले डिझेल शक्ती कमी आणि काजळी व उष्णता जास्त देते. या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर क्लीनर तुंबल्यामुळे ओढ कमी झाली होती, आणि ती भरून काढण्यासाठी पंप वाढवला गेला होता, असे चालकाशी बोलताना निष्पन्न झाले. हवा कमी असताना डिझेल वाढवल्याने दोन्ही बाजूंनी धूरच वाढला.

पंप उद्यमनगरात टेस्ट बेंचवर लावून तिन्ही एलिमेंटचे (प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणाऱ्या भागांचे) माप पुस्तकाप्रमाणे आणले आणि नवे सील घातले. मालक याला सहजासहजी राजी नव्हते. माप कमी केले तर ट्रॉल्या चढावर अडतील अशी त्यांची भीती होती. तडजोड म्हणून चालकाला चढाच्या आधीच एक गिअर खाली घेऊन इंजिनाचे फेरे टिकवायला सांगितले. डिझेल वाचेल म्हणून तो वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून चढ घेत असे, आणि अशा दाबलेल्या इंजिनातून चांगल्या पंपानेही काळा धूर निघतोच. त्याच चढावर, जवळपास तेवढ्याच भरण्यासह, खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर न अडता वर आला. गिअर बदलताना धुराचा एक काळा झोत उठला, नंतर फक्त पातळ करडी रेघ राहिली.

तिसऱ्या सिलिंडरचा प्रश्न हंगाम संपेपर्यंत खुला ठेवला आहे. नोझल गळत नसल्यामुळे डिपस्टिकवर आता विश्वास ठेवता येतो. दर सोमवारी सकाळी थंड इंजिनाची पातळी आणि तासमीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि वरून घातलेले ऑइल मापून घालायचे, असे चालकाशी ठरले आहे. एअर क्लीनरची वाटी तोडणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी उघडायची, आणि तळाशी गाळ दिसला की पूर्ण रिकामी करूनच नव्याने भरायची. ऑइल घटू लागले किंवा तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन 24 च्या खाली गेले तर मे महिन्यात, नांगरट उरकल्यावर, हेड उतरवायचे. तसे झाले तर आधी व्हॉल्व्हच्या सीट तपासायच्या, आणि लायनरचा घास (झीज) मोजल्यानंतरच पिस्टन-लायनरचे किट मागवायचे.